कमी चालणाऱ्या गाडीला कोणते टायर घ्यावेत?

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक सहा वर्षांची असून तिचे सुमारे ५०,००० किलोमीटर झाले आहेत. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. गेल्या महिन्यात भुरभुर पाऊस चालू असताना सिग्नलपाशी ब्रेक दाबला, तेव्हा पेडल पायाखाली थरथरले आणि गाडी थांबायच्या रेषेच्या पुढे चांगली एक गाडीभर सरकली. शेजारी आई बसली होती. टायरच्या दुकानात दाखवले तर ‘नक्षी अजून शिल्लक आहे, वर्षभर काळजी नाही’ असे सांगितले. बदलायचेच असतील तर तीन पर्याय पुढे ठेवले : एक सर्वांत स्वस्त, दुसरा थोडा महाग पण ‘सर्वाधिक चालणारा’, आणि तिसरा त्याहूनही महाग, पकडीला उत्तम पण लवकर झिजणारा. शिवाय एक माप रुंद घेतल्यास पकड आणखी वाढेल, असेही सुचवले. हाताशी पैसे बेताचेच आहेत. दुसरा पर्याय घ्यावा असे मनात आहे. सध्या दोनच टायर बदलले तर चालेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात दरांची आणि पर्यायांची चर्चा आहे, पण माझे लक्ष आधी गेले ते सहा वर्षांत ५०,००० किलोमीटर या नोंदीकडे. वर्षाला आठ हजारांच्या आसपास चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून संपण्याआधी वयाने संपतात, आणि म्हणून ‘सर्वाधिक चालणारा’ हा गुण आपल्यासाठी फारसा उपयोगाचा नाही. त्याचे पैसे आपण मोजाल, पण तो वापरून होणार नाही. माझा सल्ला असा की ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा टायर घ्यावा, माप कंपनीने दिले तेच ठेवावे आणि शक्य असेल तर चारही टायर एकदम बदलावेत. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात उभे असताना आपल्याला पुन्हा तेच तीन पर्याय दाखवले जातील आणि तेव्हा कारणे हाताशी असलेली बरी.

आधी सध्याच्या टायरविषयी. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. मुख्य चरांच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंचीच्या असतात, आणि भोवतालची नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजतात. अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. दुकानात ‘नक्षी शिल्लक आहे’ असे म्हणतात ते या पट्ट्या पाहून. परंतु कोरड्या रस्त्याला पुरणारी नक्षी पाण्याला पुरत नाही. चरांचे काम रबराखालचे पाणी बाजूला काढून देण्याचे आहे, आणि ३ मिलिमीटरच्या खाली उतरलेला चर ते काम वेगात असताना नीट करू शकत नाही. म्हणून पावसात गाडी काढावी लागणाऱ्या माणसाने ३ मिलिमीटरलाच टायर बदलण्याचा विचार सुरू करावा, असे माझे मत आहे.

पण समजा आपल्या टायरची नक्षी ४ मिलिमीटर आहे. तरीही सहा वर्षांचे रबर हे सहा वर्षांचे रबर असते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे ते हळूहळू टणक होते, आणि टणक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रुतत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असेच दीर्घायुषी म्हणून विकले जाणारे टायर घेतले होते, आणि माझीही गाडी कमीच चालायची. चौथ्या वर्षी पावसात एका उताराच्या वळणावर मी स्टीअरिंग वळवले, पण गाडीचे तोंड क्षणभर सरळच जात राहिले. समोरून कोणी आले नाही म्हणून निभावले. पुढे गाडी बाजूला घेऊन मी खाली उतरलो आणि टायरवर हात ठेवून पाहिला. चर खोल होते, नक्षीच्या कडा अजून धारदार होत्या, बघणाऱ्याला टायर नवा वाटावा अशी स्थिती होती. पण अंगठ्याच्या नखाने दाबले तर रबर जराही दबेना, आणि चराच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसत होते. त्या दिवसापासून कोणी टायरची नुसती नक्षी दाखवली की मी त्या भेगा शोधतो. आपणही चाके एका बाजूला पूर्ण वळवून, उजेडात, चराच्या तळाशी आणि टायरच्या बाजूच्या भागावर तशा भेगा आहेत का ते पाहावे.

इथे एक खबरदारीची सूचना द्यायला हवी. पेडल थरथरले, याचा अर्थ ब्रेकमधली एबीएस ही यंत्रणा काम करत होती. म्हणजे ब्रेकने चाक अडवण्याइतका जोर लावला, पण टायरला रस्ता धरता आला नाही. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही आणि त्यामुळे स्टीअरिंग आपल्या हाती राहते, पण मुळात नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. तरीही टायरवर खर्च करण्याआधी ब्रेक एकदा तपासून घ्यावेत आणि चारही टायरमधील हवेचा दाब मोजून घ्यावा. भुरभुर पावसाच्या पहिल्या काही मिनिटांत रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, हेही त्या दिवशी कारण असू शकते. मात्र आपल्या टायरचे वय पाहता ही तपासणी टायर बदलण्याला पर्याय ठरेल असे मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्न : पकड आणि टिकाऊपणा यांचे का जमत नाही? रबर रस्त्याला धरते ते मुख्यतः दबून आणि पुन्हा पूर्ववत होऊन. रस्त्यावरच्या खडीच्या टोकावरून जाताना ते त्या टोकाभोवती आकार घेते, आणि मूळ आकारात परतताना घेतलेली सगळी ऊर्जा परत न देता काही उष्णतेच्या रूपाने गमावते. हे गमावणे म्हणजेच पकडीचा मोठा भाग. मऊ, सहज दबणारे रबर जास्त धरते, पण त्याचे कण जास्त निघतात आणि ते लवकर झिजते. कडक रबर जास्त चालते, पण ओल्या रस्त्यावर हात आखडता घेते. तिसरी ओढ इंधनाची असते, कारण चाक फिरताना जितकी ऊर्जा रबरात मुरते तितके इंधन जास्त लागते. १९९०च्या दशकापासून रबरात काजळीच्या जोडीला, किंवा तिच्या जागी, सिलिका मिसळण्याचे तंत्र रुळले आणि ही ओढाताण बरीच सैल झाली. चांगल्या सिलिका मिश्रणाचा टायर ओल्या रस्त्यावर धरतोही आणि इंधनही फार खात नाही. त्यामुळे पूर्वी वाटायचे तसे ‘पकड हवी तर वीस हजार किलोमीटरमध्ये टायर फेकायचा’ असे आता राहिलेले नाही. ओढाताण संपली मात्र नाही, आणि एखादा टायर तिन्ही बाबतींत अव्वल आहे असे कोणी सांगू लागले, तर त्याच्या बाजूवरचे आकडे वाचून मगच विश्वास ठेवावा.

पकडीतला थोडासा फरक किती महागात पडतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून एक हिशेब मांडतो. दोन सारख्या गाड्या ताशी ८० किलोमीटर वेगाने ओल्या रस्त्यावर शेजारी शेजारी धावत आहेत आणि दोघींनी एकाच क्षणी पूर्ण ब्रेक दाबला. पहिलीच्या टायरचा रस्त्याशी घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.८ आहे, दुसरीचा ०.६, म्हणजे पहिलीच्या तीन चतुर्थांश. पहिली गाडी सुमारे ३१ ते ३२ मीटरवर थांबेल आणि दुसरी ४२ मीटरवर. दहा मीटरचा फरक, म्हणजे दोनअडीच गाड्यांची लांबी, ऐकायला फार भयंकर वाटत नाही. पण ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबलेली असते, त्या जागेवरून दुसरी जाताना तिचा वेग किती असतो? ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सुरुवातीच्या वेगाच्या बरोबर निम्मा. पकड पाव हिश्श्याने कमी झाली आणि त्या ठिकाणी समोर कोणी असते, तर निम्म्या वेगाने धडक बसली असती. आपल्या सिग्नलवरचा वेग कमी होता म्हणून गाडी एक गाडीभरच सरकली. हा हिशेब मी दुकानातील कोणत्याही तक्त्यापेक्षा मोठा मानतो आणि आपणही मानावा अशी कळकळीची विनंती आहे.

मग पैशांचे काय? बेताच्या पैशांत निवड करणाऱ्या माणसाला ‘सुरक्षिततेपुढे किंमत पाहू नये’ असे सांगणे मला योग्य वाटत नाही. किंमत पाहायलाच हवी, फक्त ती पुरती पाहावी. सोयीसाठी गृहीत धरू की ‘सर्वाधिक चालणाऱ्या’ टायरची किंमत १०० आहे आणि तो ७०,००० किलोमीटर चालेल, आणि पकडीच्या टायरची किंमत ११५ आहे आणि तो ४५,००० किलोमीटर चालेल. कागदावर पहिल्याचा दर हजार किलोमीटरचा खर्च १.४३ येतो, दुसऱ्याचा २.५६, म्हणजे दुसरा पावणेदोन पटीहून थोडा महाग. हेच गणित दुकानात आपल्याला ऐकवले जाते. परंतु आपली गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. ७०,००० किलोमीटर पूर्ण व्हायला आपल्याला पावणेनऊ वर्षे लागतील, आणि तोवर ते रबर विश्वासाचे राहणार नाही. सहाव्या वर्षी, ४८,००० किलोमीटरवर, आपण ते टायर काढले, तर प्रत्यक्ष खर्च हजारी २.०८ पडला आणि २२,००० किलोमीटरचे आयुष्य तसेच भंगारात गेले. उलट पकडीचा टायर साडेपाच वर्षांत, वय होण्याच्या सुमारासच, झिजून संपेल. कागदावरचा पावणेदोन पटीचा फरक आपल्या बाबतीत सव्वा पटीवर आला. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. दुकानात मिळालेले खरे दर आणि अंदाज घालून आपण हाच हिशेब वहीत मांडावा. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर, तेही बहुतांश कोरड्या महामार्गावर, चालवणाऱ्या कोणी मला हाच प्रश्न विचारला असता, तर मी त्यांना टिकाऊपणाकडे पुष्कळ अधिक लक्ष द्यायला सांगितले असते.

सर्वांत स्वस्त पर्यायाविषयी थोडक्यात : तो वाईटच असेल असे नाही, पण त्याच्या ओल्या रस्त्यावरील पकडीबद्दल छापील श्रेणी मिळाली नाही, तर तो टाळावा.

ही श्रेणी कुठे पाहायची? युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर एक लेबल असते आणि १ मे २०२१ पासून त्यावर ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणी आहेत. एक श्रेणी इंधनाची आणि दुसरी ओल्या रस्त्यावरील पकडीची असते. त्याखेरीज आवाजाचे मोजमाप डेसिबलमध्ये दिलेले असते. पावसाच्या ढगाचे चित्र असलेली श्रेणी आपल्या कामाची. तोच टायर आपल्या बाजारात लेबलाविना मिळत असला, तरी नेमके मॉडेल आणि माप तेच असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात ती श्रेणी सापडते. दुसरी पद्धत अमेरिकेची, आणि तिचे आकडे टायरच्या बाजूवरच उठवलेले असतात. ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे ‘डबल ए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असते, आणि ते ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याच्या चाचणीवरून दिलेले असते. वळणावरच्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही. ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे २०० पासून ५००-६०० पर्यंतचा आकडा असतो, आणि तोच आपल्याला टिकाऊपणाचा पुरावा म्हणून दाखवला जाईल. हा आकडा टेक्सासमधील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक मार्गावर टायर जवळपास ११,५०० किलोमीटर चालवून, १०० ही श्रेणी असलेल्या संदर्भ टायरशी तुलना करून काढतात, आणि श्रेणी कंपनी स्वतःच ठरवून छापते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी पडतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आपल्यासाठी ‘ट्रॅक्शन’मध्ये ‘ए’ किंवा त्याहून वरची श्रेणी असावी आणि ‘ट्रेडवेअर’ मध्यम असला तरी हरकत नाही.

रुंद टायरचा आग्रह मात्र मनातून काढून टाकावा. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा असेल, हे मुख्यत्वे त्यावरचे वजन आणि आतील हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर २७५ किलो भार आणि ३२ पीएसआय हवा असेल, तर तो भाग साधारण सव्वाशे चौरस सेंटिमीटरचा, तळहाताएवढा, होतो. टायर रुंद केला की तो भाग आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. कोरड्या वळणावर याचा थोडा फायदा होतो, पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो, आणि आपली अडचण नेमकी पाण्याची आहे. शिवाय व्यास बदलला तर स्पीडोमीटर चुकतो. समजा आपल्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिले आहे. यात १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, आणि १५ इंची रिम. ८८ हा भारनिर्देशांक म्हणजे एका टायरला ५६० किलो, आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. त्याऐवजी ‘१९५/६५ आर १५’ बसवला, तर चाकाचा व्यास सुमारे ६२१ वरून ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढतो, आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा तेवढा कमी दाखवू लागतो. माप तेच ठेवून भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर ही पूर्वीइतकी किंवा त्याहून वरची आहेत, एवढे पाहावे. कमी कधीही घेऊ नयेत.

टायर कधी बनला हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात : ‘३२२५’ असेल तर तो टायर २०२५ सालच्या ३२व्या आठवड्यात बनला आहे. बऱ्याच टायरवर हे चार अंक एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी, जमिनीवर उभा असतानाच, चारही टायरचे अंक स्वतः वाचावेत. काही महिन्यांपूर्वीचा टायर घ्यायला हरकत नाही. दोन-तीन वर्षे गोदामात राहिलेला टायर मात्र आपल्यासारख्या कमी चालवणाऱ्याने सवलत मिळाली तरी घेऊ नये, कारण आपल्याकडे वयच आधी संपते.

आता चार की दोन. चारही टायर एकाच वयाचे असल्याने चारही बदलणे योग्य. पैसे खरोखरच जमत नसतील, तर निवडलेल्या चांगल्या टायरचे दोनच घ्यावेत आणि उरलेले दोन काही महिन्यांत बदलावेत. चार हलक्या प्रतीचे टायर घेण्यापेक्षा मला हे पटते. मात्र ते नवे दोन मागच्या चाकांना बसवावेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी मागेच. हे ऐकून पुष्कळजण वाद घालतात, कारण स्टीअरिंग आणि ब्रेकचा मोठा भार पुढे असतो. परंतु पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, ते आपल्याला स्टीअरिंगमध्ये जाणवते आणि पाय उचलल्यावर बहुधा सावरता येते. मागची चाके आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे सराईत चालकालाही अवघड जाते. एकाच आसावर दोन वेगळ्या प्रकारचे टायर मात्र कधीही लावू नयेत.

बसवताना प्रत्येक चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे, ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह नवा घालावा आणि त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कोन, तपासावी. जुने टायर उतरवल्यावर लगेच टाकू देऊ नका, त्यांच्यावरून हात फिरवून पाहा. मध्यभागी जास्त झीज असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडांना असेल तर कमी. एकच कड खाल्ली गेली असेल किंवा नक्षीवरून हात एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि ती न सुधारता नवे टायर चढवले तर तेही तसेच खाल्ले जातील. नक्षी आत-बाहेर वेगळी असेल तर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आणि बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने आहे, हे निघण्यापूर्वी चारही चाकांवर पाहून घ्यावे.

नव्या रबरावर साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहिलेला असतो, त्यामुळे पहिले तीनेकशे किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, पुढच्या गाडीपासून अधिक अंतर ठेवावे. त्यानंतर महिन्यातून एकदा, गाडी काही तास उभी असताना, हवा तपासावी. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब हा थंड टायरचा असतो. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला, म्हणजे आपल्या बाबतीत वर्षातून एकदा, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यावेत.

आणि डिकीतली स्टेपनी विसरू नये. ती रस्त्याला लागलेली नसली तरी तिचे रबरही सहा वर्षांचेच आहे. तिच्यात हवा पुरेशी ठेवावी, भेगा पाहाव्यात, आणि पावसात पंक्चर झालेच तर तिच्यावर जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच, सावकाश जावे.